विनाअट

"यातला एकही मार्ग मला जमण्यासारखा नाही," असं म्हणून त्या म्हाताऱ्याने माझं पत्रक काउंटरवर पालथं ठेवलं आणि चष्मा काढून पुसायला घेतला.

ते पत्रक मी स्वतः लिहिलं होतं. 'आपल्या विमान संग्रहालयाला मदत करण्याचे सहा मार्ग.' वर्षाचं सभासदत्व घ्या. दारापुढच्या फरसबंदीत आपल्या माणसाच्या नावाची वीट बसवून घ्या. एखादं विमान दत्तक घ्या, म्हणजे वर्षभर त्याच्या देखभालीचा भार उचला. घरात पडून असलेले गणवेश, नोंदवह्या, फोटो आणून द्या. आठवड्यातला एक दिवस द्या. मृत्युपत्रात आमची आठवण ठेवा. बावीस वर्षं मी त्या काउंटरमागे बसत होते आणि सहांतलं काहीच न जमणारा माणूस तोवर मला भेटला नव्हता.

"सभासदत्व तरी जमेल की," मी म्हटलं. "वर्षभर फुकट प्रवेश. शिवाय उन्हाळ्यात पॅनकेकचा नाश्ता असतो."

"पॅनकेक मला घरी करता येतात."

"मग वीट?"

"विटेवर लोक पाय देतात." त्याने चष्मा नाकावर चढवला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "माझ्याकडे एक विमान आहे, पोरी. ते द्यायचंय. ते तुझ्या यादीत कुठं बसतं, तेवढं सांग."

मर्ल डोबेश आणि मी असे भेटलो. त्याचं वय तेव्हा त्र्याऐंशी. मी एकोणसाठ वर्षांची, आणि मला 'पोरी' म्हणणारं गावात दुसरं कोणी उरलेलं नव्हतं.

त्याला मी ओळखत नव्हते, पण त्याच्या बायकोला ओळखत होते. आमच्या भागात माझ्या वयाचं तिला न ओळखणारं कोण असेल? आर्डिस डोबेश. पिवळ्या दुपंखी विमानातून मक्यावर औषध फवारणारी बाई. आम्ही शाळेच्या बसमध्ये असताना ते विमान रस्त्याच्या कडेला तारांखालून निघालं, की ड्रायव्हर बस थांबवायचा आणि आम्ही सगळी पोरं एका बाजूच्या खिडक्यांना चिकटायचो. नेब्रास्काच्या सपाट जमिनीत वर बघावं असं तेवढंच होतं. सव्वीस उन्हाळे तिने ते काम केलं. पुढे हात थरथरण्याचा आजार जडला, विमान शेडमध्ये गेलं, आणि दोन वर्षांपूर्वी ती वारली. मी तिच्या अंत्यविधीला गेले होते. पहिल्या बाकावर काळ्या कोटात बसलेला माणूस हाच असणार. पण मला तो आठवेना. मर्लच्या बाबतीत बहुतेकांचं असंच व्हायचं.

आता तो शेत शेजाऱ्याला देऊन गावातल्या वृद्धनिवासात राहायला येणार होता. तिथं खोलीत एक पलंग, एक खुर्ची आणि एक टीव्ही मावतो. विमान मावत नाही.

"मुलगी म्हणते, विकून टाका," तो म्हणाला. "टेक्सासमधल्या कुणा हौशी माणसाची दोनदा पत्रं आलीत. चांगला माणूस असेल. पण तो काय करणार? शेडमध्ये लावणार, वर्षातून दोनदा मित्रांना दाखवणार. तिथं आर्डिस कोण हे कुणाला ठाऊक? इथं निदान पोरं येतात. पाटी लावाल ना तिच्या नावाची?"

"लावू की."

मी आतून देणगीपत्र आणलं. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक वस्तूसाठी एकच छापील नमुना होता. वैमानिकाच्या फाटक्या टोपीलाही तोच आणि विमानालाही तोच. मर्ल ओळीखाली बोट धरून वाचू लागला. मधेच बोट थांबलं.

"'ही भेट कायमची व विनाअट असून तिचं प्रदर्शन, साठवण, हस्तांतर अथवा विल्हेवाट संग्रहालय आपल्या निर्णयानुसार करू शकेल.' हे विल्हेवाट काय आहे?"

"वकिलांची भाषा हो. सगळ्यांना तेच लिहून घेतो आम्ही."

"म्हणजे ती इथंच राहील."

"कुठं जाणार ती?" मी म्हटलं, आणि हसले.

मर्लही हसला. त्याने सही केली. खाली साक्षीदाराची जागा होती, तिथं मी केली.

*

विमान आलं त्या दिवशी हँगरमध्ये ते जरा ओशाळल्यासारखंच दिसत होतं. आमचं संग्रहालय जुन्या लष्करी तळावरचं. महायुद्धात इथं वैमानिकांना शिकवत, म्हणून सगळी विमानं युद्धातली, करडी आणि हिरवी. त्यांच्यात हे पिवळं, पोटाशी औषधाची टाकी असलेलं, पंखांखाली फवाऱ्याच्या नळ्या लावलेलं. लष्करातल्या माणसांच्या पंगतीत कुणी शेतातले बूट घालून येऊन बसावं तसं. मर्ल त्याला 'म्हातारी' म्हणायचा. वैमानिकाच्या जागेखाली डाव्या बाजूला आर्डिसने स्वतःच्या हाताने निळ्या रंगात आपलं नाव लिहिलेलं होतं. अक्षर काही सुबक नव्हतं. शेवटचा 'स' जागा संपल्यामुळे चेपला होता.

दुसऱ्या आठवड्यात मर्ल पुन्हा काउंटरवर उभा.

"तुझ्या यादीतलं पाचवं," तो म्हणाला. "आठवड्यातला एक दिवस. कुठला देऊ?"

"गुरुवारी शाळेची मुलं येतात."

"मग गुरुवार."

त्यानंतर दर गुरुवारी सव्वानऊला तो यायचा. इस्त्रीचा शर्ट, खिशात फडकं. आधी म्हातारीला पुसायचा, मग बाकीच्यांना. मुलं आली की कोपऱ्यात उभा राहायचा आणि कुणी विचारल्याशिवाय बोलायचा नाही. पण मुलं विचारायचीच, कारण पिवळं विमान तेवढं एकच होतं.

"तुम्ही चालवायचा हे?"

"मी? छे. मी खाली असायचो. झेंडा धरून."

"कशाला?"

"वरून मक्याच्या ओळी सगळ्या सारख्याच दिसतात. कुठवर फवारलं ते कळत नाही. म्हणून मी शेताच्या टोकाला झेंडा घेऊन उभा राहायचो. ती झेंड्याचा रोख धरून यायची, डोक्यावरून जायची, की मी अठरा पावलं बाजूला सरकायचो. ती वळून परत यायची. पुन्हा अठरा पावलं."

"भीती नाही वाटायची?"

"मला नाही. तिला वाटायची. म्हणायची, तू ऐन वेळी शिंकलास तर?"

मुलं हसायची. एकदा एका मुलीने विचारलं, "मग तुम्ही आयुष्यभर काय केलं?"

मर्लने खरोखरच विचार केला. "अठरा पावलं," तो म्हणाला.

ते औषध त्याच्या अंगावरच पडायचं. संध्याकाळी घरी आल्यावर आर्डिस त्याला अंगणात उभा करून रबरी नळीने धुऊन काढायची, मगच आत घ्यायची. त्याच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पांढरे चट्टे होते. हे त्याने मुलांना सांगितलं नाही. एकदा डबा खाताना मला सांगितलं, तेही आर्डिसची आठवण म्हणून. "पाणी इतकं गार असायचं, व्हर्ना, की मी नाचायचो. आणि ती नळी घेऊन मागे. शेजारी म्हणायचे, डोबेशांकडे रोज संध्याकाळी तमाशा असतो."

पाटीवर त्याचंही नाव घालावं असं मी सुचवलं, तर तो नको म्हणाला. "घालायचंच असेल तर 'झेंड्याचा खांब' म्हणून घाल."

*

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये गारपीट झाली.

दुपारचे चार वाजले असतील. आकाश आधी हिरवट झालं, आणि मग कोंबडीच्या अंड्याएवढ्या गारा सुरू झाल्या. वीस मिनिटं हँगरमध्ये एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. नंतर वारा सुटला आणि छपराचे पत्रे उत्तरेकडून सोलले जाऊ लागले. ते पत्रे युद्धाच्या वेळचे. पाऊस थेट विमानांवर पडत होता. आम्ही पाच जण होतो, ताडपत्र्या तीन होत्या.

मर्ल दुसऱ्या दिवशी पहाटेच हजर झाला. गुरुवार नव्हता. वृद्धनिवासाच्या स्वयंपाकघरातून सहा बादल्या मागून आणल्या होत्या.

विमा कंपनीने, छप्पर मुळातच जुनं होतं, म्हणून हात वर केले. मग आम्ही मदत मागायला लागलो. तेच माझं काम. मी तीनशेच्या वर पत्रं लिहिली, प्रत्येकाच्या खाली हाताने दोन ओळी. विटा मागवल्या. नाश्ता ठेवला. प्रत्येक विमानापुढे 'मला दत्तक घ्या' अशी पाटी लावली. बॉम्बर विमानाला तीन दत्तक पालक मिळाले. त्यावर काम केलेल्यांची नातवंडं आता शहरांत मोठ्या हुद्द्यांवर आहेत. छोट्या शिकाऊ विमानालाही एक डॉक्टर मिळाला. पिवळ्या विमानाला कुणी मिळालं नाही.

त्याच्यासाठी मी स्वतः फिरले. आर्डिसने ज्यांच्या शेतांवर फवारलं त्यांच्या घरी गेले. डीन पोपेल्काकडे गेले तेव्हा तो शेताच्या बांधावर उभा होता. त्याच्या मागे मका उभा होता, म्हणजे नुसते दांडे उभे होते. पान एकालाही नव्हतं.

"आर्डिसने माझ्या बापाचं पीक दोनदा वाचवलं," डीन म्हणाला. "एकदा तर नाकतोड्यांनी कुंपणाचे खांबसुद्धा कुरतडायला घेतले होते. ती रविवारी आली. चर्चचे कपडे घालून."

"हो ना."

"तू कशाला आलीयेस ते मला माहितीये, व्हर्ना." त्याने मागे वळून शेताकडे हात केला. "हे बघ आणि तूच सांग."

पत्रक पर्समध्येच राहिलं. त्याच्या बायकोने मला आत नेलं, खसखस भरलेले गोड पाव, म्हणजे कोलाचे, खायला घातले, चार बांधून दिले. पुढच्या दोन घरीही तसंच झालं. आमच्या छपरावर पडलेल्या गारा त्यांच्या शेतांवरही पडल्याच होत्या. संध्याकाळी घरी आले तेव्हा गाडीच्या मागच्या सीटवर कोलाच्यांचे तीन डबे होते, आणि बाकी काही नव्हतं.

*

ऑगस्टमध्ये संचालक मंडळाची बैठक झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी कर्टिसने मला आत बोलावलं. कर्टिस लँडग्रेन आमचा व्यवस्थापक, पोर चांगलं. गारपिटीनंतर दोन महिने तो घरी फक्त झोपायला जात होता.

"पिवळं विमान विकायचं ठरलंय," तो म्हणाला. "मी फिरवून सांगत नाही."

मी बसले.

"छप्पर हिवाळ्यापूर्वी झालं नाही तर एकही विमान वाचणार नाही. आपलं संग्रहालय युद्धातल्या विमानांचं आहे. ते एकच त्यात बसत नाही. आणि घेणारा तयार आहे."

"टेक्सासचा?"

त्याने चमकून माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"कर्टिस, तो माणूस आधी मर्लच्या दारात आला होता. मर्लने त्याला नाही म्हणून आपल्याला दिलं. फुकट दिलं! का, तर इथं राहील म्हणून."

"तसं लिहिलंय कुठं?"

"लिहिलं नाही. मी बोलले. तोंडी."

कर्टिसने फाईल उघडली, देणगीपत्र माझ्यासमोर सरकवलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. "मी रात्री तीनदा वाचलं हे. कुठं फट सापडते का बघत होतो. विनाअट म्हणजे विनाअट. खाली साक्षीदार म्हणून तुमची सही आहे, व्हर्ना."

"मर्लला परत दे ना. मग तो काय करायचं ते करील."

"संग्रहालयाची मालमत्ता अशी कुणाला परत देता येत नाही. मंडळाला कायद्याने बांधलंय. मी विचारलं. खरंच विचारलं."

"मग मी मंडळापुढे येते."

"या. पण बाकीच्या अकरा विमानांवर पाऊस पडतोय, त्याचं काय करायचं तेही सांगा."

मी गेले मंडळापुढे. सात जण होते, सगळे ओळखीचे. एकाच्या लग्नात मी केक केला होता. दहा मिनिटं बोलले. सगळ्यांनी मान हलवत ऐकून घेतलं. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी माझे आभार मानले आणि पुढचा विषय घेतला.

*

मर्लला मीच सांगणार, असं मी कर्टिसला बजावलं होतं. वृद्धनिवासात गेले तेव्हा जेवणं नुकतीच उरकली होती. मर्ल खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. मी पलंगाच्या कडेवर बसले आणि सगळं सांगितलं. मध्ये थांबले नाही, कारण थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं.

त्याने शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या.

"मी हो म्हटलं होतं तुम्हाला," मी म्हटलं. "कुठं जाणार ती, असं म्हटलं होतं. हसले होते वर."

"आठवतंय."

"मर्ल, मला रागवा तरी."

"तुला रागावून छपराला पत्रा लागणारे का?" तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "त्या कागदात परत घेण्याचा काही मार्ग?"

"नाही."

"आणि मी म्हटलं असतं, देत नाही, फक्त ठेवायला देतो, तर?"

हाच प्रश्न मला नको होता. "तर घेतलं नसतं. तसं घेणं मंडळाने बंद केलंय. पण निदान तुमचं तुमच्याकडे राहिलं असतं."

"हं." त्याने मान हलवली. शेजारच्या खोलीत कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला. "पंख काढून नेतील ना? त्यांना सांग, खालच्या डाव्या पंखाची खीळ गंजलीय. हातोडी मारायची नाही. आदल्या दिवशी तेल सोडून ठेवायचं. राहू दे, तू विसरशील. मीच येतो."

दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलीचा, जॅनेलचा, डेन्व्हरहून फोन आला. तिने मला पाच मिनिटं सोडलं नाही.

"तुमचं ते पत्रक माझ्यासमोर आहे," ती म्हणाली. "सहा मार्ग! सातवा छापायचा राहिला का? म्हाताऱ्या माणसाकडून गोड बोलून घ्या आणि बाजारात उभं करा?"

मी ऐकून घेतलं. ती खोटं काय बोलत होती?

"बाबांनी मला सांगितलं, वकील बघायचा नाही," ती शेवटी म्हणाली. आवाज खाली आला होता. "मी म्हटलं, का? तर म्हणतात, बाकीची विमानंही कुणाची तरी आहेत. आता याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा."

तिने फोन ठेवला.

*

सप्टेंबरातल्या एका सोमवारी ट्रक आला. टेक्सासची दोन माणसं होती. कामाला वाकबगार, बोलायला मोकळी. मर्ल आदल्या दिवशी येऊन खिळीत तेल सोडून गेला होता. त्या दिवशी तो सकाळपासून त्यांच्याबरोबर शिडीखाली उभा होता, पाने-पकडी हातात देत होता, कुठली तार आधी सैल करायची ते सांगत होता.

"तुम्ही याचे मेकॅनिक होता का, आजोबा?" दोघांतल्या थोरल्याने विचारलं.

"असाच हाताखालचा माणूस."

"झक्कास ठेवलंय. आमचा मालक खूश होईल. तिकडे नेलं की ही टाकी आणि नळ्या काढायच्या, पुढची सीट परत बसवायची, आणि सगळं खरवडून लष्करी रंग द्यायचा. मुळात लष्करातलंच ना हे, फवारणीला नंतर लागलं. मग बघा कसं दिसतं."

मी काउंटर सोडून तिथवर आले होते. मर्लने माझ्याकडे बघितलं नाही.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "मुळात लष्करातलंच."

"हे नावही जाईल मग," दुसरा आर्डिसच्या निळ्या अक्षरांवर बोट फिरवत म्हणाला. "कोण होती ही?"

क्षणभर मला वाटलं, आता तो सांगेल. शाळेच्या मुलांना सांगायचा तसं, पहिल्यापासून. मर्लने तोंड उघडलंही. मग त्याने हातातला पाना फडक्याने पुसला.

"माझी बायको," तो म्हणाला.

"अरे वा," तो माणूस म्हणाला, आणि पुन्हा तारेला लागला. थोड्या वेळाने त्याने मर्लला विचारलं, फोटो काढून ठेवायचाय का, शिडी धरतो. मर्ल म्हणाला, नको, ते आहेत घरी.

चार वाजता ट्रक निघाला. धड ट्रकवर, पंख बाजूला गोधडीत गुंडाळून उभे बांधलेले. कर्टिस दाराशी येऊन उभा राहिला होता. त्याने मर्लपुढे हात केला, आणि मर्लने तो हातात घेतला. "छप्पर चांगलं घाल, बाबा," एवढंच म्हणाला. आर्डिसच्या नावाची पाटी मी भिंतीवरून काढून ठेवली होती. ती त्याच्या हातात दिली. त्याने ती काखेत धरली आणि मी गाडीने सोडते म्हणत असताना चालत निघाला. वृद्धनिवास तिथून दोन मैल आहे.

मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा काही दिसत नाही.

*

गुरुवारी सव्वानऊला तो आला. शर्ट इस्त्रीचा.

"काम काय आहे?" त्याने विचारलं.

"मर्ल, आज काही नाही. कॉफी घ्या."

"कॉफी घेतलीय."

तो आत गेला. मी काउंटर सोडून मागोमाग गेले. हँगरमध्ये नवे पत्रे बसत होते. वरून ड्रिलचा आवाज येत होता आणि उन्हाचे पट्टे जमिनीवर पडले होते. रिकामी झालेली जागा दोरीने आखून ठेवली होती. शनिवारी तिथं देणगीदारांचं जेवण होतं. ज्यांनी छपराला हातभार लावला त्यांचे आभार मानायला. घडीची टेबलं भिंतीशी लावून ठेवली होती, पांढऱ्या चादरी खोक्यांत. मधोमध सिमेंटवर इंजिनाच्या तेलाचा काळा डाग होता, परातीएवढा.

मर्ल डागाकडे बघत उभा राहिला. मग मोरीच्या खोलीत गेला आणि बादली, घासणी आणि साबणाची पूड घेऊन आला. जुनं पोतं दुमडून त्याने गुडघ्यांखाली घेतलं. खाली बसायलाच त्याला दोन मिनिटं लागली.

"राहू द्या हो," मी म्हटलं. "टेबल ठेवलं की झाकलं जाईल. नाहीतर सफाईवाले उद्या येणारच आहेत."

"तेल आपल्या म्हातारीने सांडलंय," तो म्हणाला. "ते दुसऱ्याने का पुसायचं?"

तो घासू लागला. एका हाताने जमिनीचा आधार, दुसऱ्या हाताने घासणी. मी पाणी बदलून आणत होते. तीन बादल्या झाल्या, चार झाल्या. छपरावरच्या माणसांनी जेवायची सुटी केली तेव्हा एकदम शांत झालं आणि घासणीचा आवाज तेवढा ऐकू येऊ लागला. डाग फिका झाला. गेला नाही. सिमेंटमध्ये मुरला होता.

शेवटी त्याने घासणी बादलीत टाकली. मी हात पुढे केला, त्याला उठवायला.

"थांब जरा," मर्ल म्हणाला, आणि तसाच गुडघ्यांवर बसून राहिला.

मी हात तसाच पुढे धरून उभी राहिले.